पटावरची चौदा नावं

काकूंना शाळेत कोणी नेमलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कोणी काढेल असंही कुणाच्या मनात कधी आलं नाही. चार वाजता शाळा सुटली की त्या मागच्या दाराने यायच्या, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीचं कुलूप काढायच्या, खिडकी उघडायच्या आणि ओल्या फडक्याने चौदा खुर्च्या पुसायच्या. चौदाच का, तर पंधरावी ठेवली की दार पूर्ण उघडत नसे. या शाळेत एका वेळी किती मुलांना वाचायला शिकवायचं, हे असं त्या दाराने ठरवून टाकलं होतं आणि इतक्या वर्षांत एकालाही सुताराला बोलवावंसं वाटलं नाही.

खोलीत यायची ती तिसरी ते पाचवीतली मागं पडलेली मुलं. हे मागं पडणं एका दिवसात होत नाही. पहिलीत सगळी सारखीच रडतात. मग ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसायला कुणी मोकळं आहे, ती पुढं सरकतात. मालधक्क्यामागच्या खोल्यांतली मुलं, ज्यांची आई एका पाळीला आणि बाप दुसरीला, ती चित्रं बघत बसतात. चौथीपर्यंत एकाच वर्गात दोन वर्ग होतात. मास्तर पुढच्यांना शिकवतात, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. मागचे गप्प बसतात, कारण गप्प बसलं की कुणी विचारत नाही. सगळ्यांचं छान चाललेलं असतं.

काकूंची पद्धत साधी होती. त्यांनी अठरा ओळींची सहा पानं स्वतः लिहून ठळक अक्षरांत छापून घेतली होती. सहा अशासाठी, की एकच पान असतं तर ऐकून ऐकून पोरांनी पाठ केलं असतं. ज्या दिवशी मूल कुठलंही एक पान, बोट न ठेवता आणि न अडखळता, पहिल्या ओळीपासून अठराव्यापर्यंत वाचेल, त्याच दिवशी त्याचं नाव पटावरून कमी व्हायचं. उद्या नाही, आठवडा संपल्यावर नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर यादीतलं पुढचं मूल.

"सुटलास," काकू म्हणायच्या. "आता तू इथला नाहीस. आणि इथं होतास, हे कुणाला सांगायची गरज नाही. मी तर मेले तरी सांगणार नाही."

पोरांच्या तोंडी तोच शब्द बसला होता. अमका सुटला, तमकी सुटली. सुटलेलं पोर दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या खोलीकडे न बघता, सायकलींच्या बाजूने, मोठ्या दारातून घरी जायचं. काकू खिडकीतून बघायच्या आणि त्यांना बरं वाटायचं.

हे न सांगण्याचं प्रकरण त्यांच्या मनात फार जुनं होतं. काकूंची थोरली बहीण, जिला त्या ताई म्हणत, दोनदा नापास झाली आणि दोघी बहिणी तिसरीत एकाच वर्गात आल्या. त्या वर्गाच्या बाई दर सोमवारी गुणांप्रमाणे बाकं ठरवायच्या. धाकटी पहिल्या बाकावर, थोरली शेवटच्या. एकदा शेजारच्या मुलीने विचारलं, "ती शेवटची तुझी बहीण ना गं?" आणि नऊ वर्षांची धाकटी म्हणाली, "छे, आमच्या शेजारी राहते." ताईने ते ऐकलं होतं की नाही, हे धाकटीला कधी कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. त्या वर्षाअखेरीला ताईची शाळा सुटली. वडिलांनी तिला छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायला लावून दिलं.

पुढे धाकटीही त्याच छापखान्यात लागली, पण वरच्या मजल्यावर, प्रुफं तपासायला. तिथे तिला सगळे 'चष्मा' म्हणायचे. "चष्म्याखालून गेलं का?" असं विचारल्याशिवाय मशिनवाला एक कागद फिरवत नसे. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. त्या कामाचा एकच नियम तिला पहिल्या दिवशी सांगितला होता आणि तो तिच्या हाडात मुरला: जे आहे ते बरोबर करायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. खालच्या मजल्यावर ताई त्याच कागदांना घड्या घालायची. त्यावर काय छापलंय ते तिला कळत नसे, पण एक पान उलटं लागलेलं तिच्या बोटांना अंधारातही कळलं असतं. एकच कागद, वर एक बहीण तो वाचत होती आणि खाली एक मोडत होती.

काकूंचं लग्न झालं, नवरा आठ वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. ताईचं कुठे जमलंच नाही. छापखाना बंद पडला तेव्हा दोघी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या. सकाळी टायर आपटण्याचा आवाज, दुपारी टायर आपटण्याचा आवाज. ताई म्हणायची, "तुझ्या डोळ्यांना काम नाही, माझ्या हातांना नाही. बसून बसून आपल्याला बुरशी येईल." तिनेच धाकटीला हाकलून शाळेत पाठवलं. हेडसरांनी खोली दिली आणि हात झटकले.

वर्ग चालायचा तो लोकनिधीच्या अनुदानावर. गावातल्या दुकानदारांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून तो निधी उभा केला होता, आणि मागची मुलं व पुढची मुलं यांतलं अंतर कमी करणाऱ्या शालेय उपक्रमांना तो दरवर्षी मदत करायचा. त्यातून काकूंना थोडं मानधन मिळायचं, पुस्तकं यायची आणि मुख्य म्हणजे गाडी मिळायची. साडेपाचला शाळेच्या दारातून निघून मालधक्क्यापलीकडे प्रत्येक पोराला घरापाशी सोडणारी ती गाडी नसती, तर एकाही आईने पोर मागं ठेवलं नसतं. मधला रस्ता ट्रकांचा होता.

पहिली दोन वर्षं निधीची माणसं एकदा येऊन, पोरांना दोन ओळी वाचायला लावून, माना डोलावून गेली. तिसऱ्या वर्षी चिटणीस बदलले. नवे चिटणीस औषधाच्या दुकानाचे मालक. माणूस सरळ, पण गोळ्या मोजता मोजता त्यांना जगच मोजून घ्यायची सवय लागलेली. त्यांनी छापील तक्ता पाठवला. वर्षाच्या सुरुवातीला पटावर असलेल्या मुलांची नावं आणि प्रत्येकाने वाचलेल्या ओळी. वर्षाच्या शेवटी पटावर असलेल्या मुलांची नावं आणि प्रत्येकाने वाचलेल्या ओळी. दोन्हींची सरासरी.

काकूंनी तो तक्ता प्रुफासारखा वाचला आणि प्रुफासारखा भरला. सुरुवातीची चौदा मुलं, सरासरी सहा ओळी. शेवटची चौदा मुलं, सरासरी पाच ओळी. मधल्या काळात एकतीस पोरं अठराच्या अठरा ओळी वाचून सुटली होती. पण ती पटावर नव्हती आणि तक्त्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती. खाली चार बोटं कोरा कागद होता. तिथं एक ओळ लिहावी असं काकूंच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पेनही उघडलं होतं. पण ज्या कागदावर जे विचारलेलं नाही ते लिहायचं, हे त्यांच्या हाताला जमेना. त्यांनी पेन मिटलं. हेडसरांनी सही केली. हेडसर सही करताना फक्त सही बघत असत.

शेवटची चौदा कोण, तर सर्वांत उशिरा आलेली आणि सर्वांत अडलेली. पिकलेलं रोज काढून न्यायचं आणि वर्षाअखेरीला टोपली दाखवायची, तर टोपलीत कच्चंच दिसणार. हे काकूंना कळायला हवं होतं. बावीस वर्षं ज्या बाईने स्वल्पविराम सुटू दिला नाही, तिच्या हातून एकतीस पोरं सुटली.

महिन्याभराने पत्र आलं. 'सदर उपक्रमाने अंतर कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसते. अनुदान पुढे चालू ठेवता येत नाही.'

काकू पत्र घेऊन तशाच औषधाच्या दुकानात गेल्या. चिटणिसांनी गिऱ्हाईक बाजूला ठेवून सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो काकू, मग हे लिहायचं नाही का?"

"विचारलं नव्हतं."

"विचारलं नव्हतं म्हणून काय झालं!" ते हताश होऊन म्हणाले. "समितीत मी काय सांगू? पैसा कमी, मागणारे फार. बरं, असं करा. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या एकतीस जणांची नावं द्या. निदान निम्म्यांची तरी. आम्ही शाळेत येऊन वाचून घेऊ आणि सुधारित अहवाल लावू."

"लावू म्हणजे?"

"निधीच्या दारावर फलक आहे ना, तिथं. देणाऱ्यांना दिसलं पाहिजे कुणाला काय मिळालं. नावांशिवाय काय, कुणी एकतीस लिहील, कुणी तीनशे लिहील."

त्यांचं काही चूक नव्हतं. पण तो फलक भर बाजारात होता. त्याच्यासमोरून अख्खी शाळा रोज जायची.

घरी ताईने पत्र ऐकलं, वृत्तांत ऐकला आणि म्हणाली, "मग देऊन टाक नावं. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

"मी शब्द दिलाय ताई. त्यांना लपायला जागा दिली होती मी."

"शब्द! तुम्हा वाचणाऱ्यांचं हे एक बरं असतं." ताई हातातल्या टॉवेलची घडी घालत होती, ती कडेला कड न चुकता जुळवायची. "मला त्या वयात कुणी तुझ्या त्या खोलीत बसवलं असतं ना, तर माझं नाव चौकात टांगलं असतं तरी चाललं असतं. लाज काय, दोन दिवस वाटते. न येणं जन्मभर पुरतं."

काकूंना मान वर करता येईना. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही, घडी बाजूला ठेवून दुसरा टॉवेल घेतला. ती रागावली असती तर काकूंना सोपं गेलं असतं.

हेडसरांचं म्हणणंही तेच, फक्त कारण वेगळं. "द्या ठोकून नावं. पुढचं पुढे बघू." पण काकूंनी घरोघर जाऊन विचारायचं ठरवलं. वर्ग आटोपला की गाडीबरोबरच त्या मालधक्क्यापलीकडे जायच्या आणि दारं वाजवत फिरायच्या.

एका घरी आई म्हणाली, "काकू, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण ती आता वर्गाची मॉनिटर आहे. तेवढं नका करू." एका ट्रकड्रायव्हर बापाने दार अर्धंच उघडलं. "माझा मुलगा? तो कधी होता तुमच्याकडे?" असं तो डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, आणि काकूंनाच क्षणभर वाटलं, नसेल बुवा. दोन घरांतली माणसं गाव सोडून गेली होती. एका ठिकाणी पोरानेच दार उघडलं. अकरा महिने समोर बसलेलं पोर, पण त्याने ओळख दाखवली नाही. "आई, कुणीतरी बाई आल्यात," असं आत ओरडून ते निघून गेलं. काकूंना रागवायला तोंड नव्हतं. त्यांनीच शिकवलं होतं.

एकतीसपैकी चौघांनी होकार दिला.

गुरुवारी संध्याकाळी काकू पट उघडून बसल्या. सत्तावीस नावं उतरवायला दहा मिनिटं लागली असती. नंतर कुणी त्यांना जाब विचारला असता, दोन-चार घरांनी तोंड फिरवलं असतं, एखादं पोर रडलं असतं. आणि चौदा खुर्च्या भरलेल्या राहिल्या असत्या. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी चारच नावं लिहिली. त्याला चांगुलपणा म्हणावं की हट्ट, हे माझ्याने सांगवत नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला खरा, पण तो दुसऱ्याच पोरांच्या जिवावर पाळला, एवढं खरं.

निधीकडून दोन ओळींचं उत्तर आलं. चार पुरेशी नव्हती. महिनाअखेरीला गाडी बंद.

त्या वेळी पटावर जी चौदा होती, त्यांत एक चौथीतली मुलगी होती. डोक्यावर नेहमी दोन चिमटे, एक लाल आणि एक मिळेल तो, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणायचे. तिची आई मोठ्या लॉन्ड्रीत चादरी इस्त्री करायची. चिमटी आली तेव्हा ओळीतला पहिला शब्द वाचून पुढचं ठोकून द्यायची. सहा महिन्यांत ती अकरा ओळींवर आली होती. अकराव्या ओळीनंतर ती दमायची, डोळे चोळायची. काकूंच्या हिशेबाने अजून एखादा महिना, आणि ती सुटली असती.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. "मुलांना मी समजावून सांगतो," असं हेडसर म्हणाले होते. ते साडेचारला एका बैठकीला निघून गेले. काकूंनी नेहमीसारखं प्रत्येकाला वाचायला लावलं, आणि पाच वीसला उभ्या राहून कसंबसं म्हणाल्या, "सोमवारपासून हा वर्ग नाही. सगळ्यांनी आपापल्या वर्गात नीट वाचायचं." अनुदान, तक्ता, सरासरी यांतलं काही त्यांच्या तोंडून निघेना. पोरं एकदम ओरडली. खुर्च्या सरकल्या, दप्तरं उडाली, आरडाओरड करत सगळी गाडीकडे पळाली. पोरांना सुट्टीचा आनंद होतोच, असं काकूंना वाटलं. त्या खिडकी लावायला वळल्या.

कुलूप लावून दारापाशी आल्या तर चिमटीची आई उभी होती. अंगाला इस्त्रीच्या वाफेचा वास, पायात कामावरच्या रबरी चपला. आजवर ती कधी शाळेत आली नव्हती. चिमटीने तिचा हात धरला होता आणि ती जागच्या जागी उड्या मारत होती.

"काकू, सकाळीच कानावर आलं, आज शेवटचा दिवस म्हणून," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हिने आत्ता सांगितलं, सगळेच सुटले म्हणून. आमच्या घरात वाचणारं माणूस झालं हो पहिल्यांदा. मला काय बोलावं सुचत नाही."

काकूंनी तोंड उघडलं, पण आईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला होता. "चार दिवस झाले, कामावर सगळ्यांना वाटला. कुणाला वाचून द्या म्हणायची लाज वाटते. म्हटलं, आज हिच्याकडूनच वाचून घेऊ, तुमच्यासमोर. वाच गं."

चिमटीने कागद दोन्ही हातांत ताठ धरला.

"सोमवारपासून सकाळची पाळी," तिने वाचलं आणि अगदी किंचित थांबली. मग आवाज चढवून, न अडखळता म्हणाली, "चांगलं काम करत आहे. सगळ्यांनी वेळेवर यावं आणि स्वच्छ राहावं."

"माझीच पाळी ती! सकाळची!" आई हसली आणि डोळे पुसत तिने पोरीला जवळ ओढलं. "बघा, कशी घडाघडा वाचते."

काकूंना उभ्या जागेवरून कागद दिसत होता. त्यांनी हात पुढे केला, चष्मा सारखा केला आणि जे होतं ते वाचलं, शब्दाला शब्द.

"सोमवारपासून सकाळची पाळी बंद होत आहे. दुपारच्या पाळीत काम हवे असल्यास शुक्रवारी सहा वाजेपर्यंत कार्यालयात नाव द्यावे. उशिरा आलेल्या नावांचा विचार होणार नाही."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. तिने आधी काकूंकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग पुन्हा कागदाकडे, जणू तिला आता तो दिसणार होता.

"आज शुक्रवार," ती म्हणाली. "किती वाजले?"

"साडेपाच."

"हिला गाडीत बसवा," एवढं म्हणून ती वळली आणि रस्त्याला लागली. रबरी चपलांनी नीट पळता येत नव्हतं, म्हणून तिने त्या काढून हातात घेतल्या. लॉन्ड्री गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. आतून पोरं चिमटीला हाका मारत होती. ती हलली नाही.

"मी चुकीचं वाचलं?"

"पहिले तीन शब्द बरोबर वाचलेस," काकू म्हणाल्या.

"आणि पुढचं?"

"पुढचं तू मनाचं घातलंस."

चिमटीने आई गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. "म्हणजे मला अजून येत नाही."

"अजून नाही."

"मग मला सोडलं कशाला?"

काकूंनी तिचं दप्तर उचललं, तिला गाडीत चढवलं आणि दार ओढून घेतलं.